मुरडीकाठच्या जिवांची यादी

१

उघाडीवर उभं राहून कोणाचं नाव घ्यायचं नाही.

प्रार्थना पाठ व्हायच्या आधी मला हा नियम पाठ झाला होता. देवाबद्दल शंका विचारली तर पाद्रीबाबा निदान चिडून का होईना, उत्तर द्यायचे. उघाडीबद्दल विचारलं की डोरोथीआत्या कांदा चिरता चिरता थांबायची आणि म्हणायची, "नाय म्हनजे नाय." बांधावर आमचं अख्खं बाळकुम गाव एकमेकांना "ए दादा", "ए बाय", "अरे मुंडासंवाल्या" अशा हाका मारायचं. आणि मला तर बांधावर जायलाच बंदी. का, ते विचारायचं नाही.

जिने भरती पाहिलेली नाही तिच्यासाठी सांगते. आमची भातशेती खाडीच्या पाण्याहून खाली आहे. खारं पाणी आत येऊ नये म्हणून नदीकाठाने मातीचा बांध घातलेला आहे. बांधाच्या पोटातून नदीपर्यंत एक दगडी मोरी जाते. तिच्या शेताकडच्या तोंडाला खाचा आहेत आणि त्या खाचांत वरखाली होणारी सागाची जाड फळी. हीच उघाडी. ओहोटीला फळी वर ओढायची, शेतातलं पाणी नदीत जातं. भरती चढायच्या आत फळी खाली टाकायची. एकदा चुकलं तर बारा घरांचं भात तीन वर्षं पिकत नाही. फळीचा दोर आमच्या घराकडे. आधी आजोबांच्या हातात, मग माझ्या वडिलांच्या, लिनोच्या.

मी तीन वर्षं मुंबईला कॉलेजात होते. १८९४च्या एप्रिलमध्ये वडिलांचं पत्र आलं. ते पत्र लिहीत नसत. 'तुझ्या मास्तरांना नदीतल्या जिवांची यादी पाहिजे म्हणालीस. ये. मी होडी देतो. उघाडीपर्यंत फिरवतो.'

मी ते पत्र चार वेळा वाचलं. शिकायला जाताना ज्या माणसाने दारातही येऊन निरोप दिला नव्हता, तो माझ्या यादीसाठी होडी देत होता. मला वाटलं, म्हातारा अखेर शहाणा झाला.

२

मुरडी येऊरच्या डोंगरात उगम पावते आणि दीड कोसात संपते. एवढ्याशा नदीला भूगोल कसला, असं आमचे मास्तर हसून म्हणाले होते. मी त्यांना दाखवणार होते.

वर डोंगरात ती नुसती दगडांतली ओल असते. मे महिन्यात तर डबकी उरतात, त्यांत बोटाएवढे मळ्ये मासे आणि काठावर भेकराचे खूर. मध्ये करंजाची सावली आणि वाळू, तिथे खंड्याने कड्यात बीळ केलेलं. मग एका वळणावर पाणी गोडाचं मचूळ होतं आणि झाडं बदलतात. करंज संपतो, तिवर सुरू होते. चिखलात तिवरांची मुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात आणि त्यांच्यामधून निवटे उड्या मारतात. निवटा हा मासा, पण जमिनीवर बसतो, छातीवरच्या परांनी रांगतो आणि डोळे वर काढून माणसाकडे बघतो.

वडील वल्हं मारत होते आणि दाखवत होते. "ती बघ, हुदाची घसरण." पाणमांजराला आमच्याकडे हूद म्हणतात. ओल्या काठावर पोटाने घसरल्याची गुळगुळीत वाट होती. "ते कोल्ह्याचे पाय. चिंबोऱ्या खायला येतो तो. शेपूट बिळात घालतो, चिंबोरी धरते, की काढतो बाहेर."

"खरंच?"

"माझ्या बापाने सांगितलं. बापाला कोल्ह्याने सांगितलं."

आम्ही दोघंही हसलो. मला आठवतं, त्या हसण्याने मला रडू येईल असं वाटलं होतं. वीस वर्षांत आम्ही असे हसलो नव्हतो. आई मी तीन वर्षांची असताना तापाने गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, आवाजही नाही. लहानपणी मी सगळ्यांना विचारायचे, आईचा आवाज कसा होता? "आवाजासारखा," आत्या म्हणायची.

शेवटच्या वळणावर बांबूचं बेट आहे. त्याच्या पलीकडे बांध आणि उघाडी. बांधावर पंढरीकाका उभे होते. आमच्या शेताला लागून त्यांचं शेत, बांधाची देखरेख त्यांची आणि वडिलांची मिळून.

"आली का मास्तरीण! चिखलाची यादी करते, आयकलं. मना पन लिव. एक पांढऱ्या मिशीचा, निरुपद्रवी."

"निरुपद्रवी आहे का ते तपासावं लागेल."

ते खो खो हसले. मग वडिलांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "ओल हातभर वर आली." उघाडीच्या शेजारी बांधाची माती काळी पडली होती. पाणी आतून पाझरत होतं. वडिलांनी त्या ओलीकडे पाहिलं आणि नंतर, मला तेव्हा उगाच वाटलं, माझ्याकडे.

३

बांबूच्या बेटात एक भृंगराज होता. काळाभोर, शेपटीतून दोन लांब काड्या निघालेल्या आणि त्यांच्या टोकांना एकेक पाकळी. हा पक्षी पक्का नकल्या आहे. पहिल्याच दिवशी मी वहीत उतरवून घेतलं: भारद्वाजाचा घुमका, खारीची चिरचिर, शिक्र्याची शीळ, कुत्र्याचं केकाटणं. त्यानंतर क्षणभर थांबून एका बाईची हाक. "बर्ना… ए बर्ना…"

मी मागे वळून पाहिलं. बांधावर कोणी नव्हतं. वडील होडी बांधायला लांब गेले होते.

माझं नाव बर्नाडेट. घरात मला बर्नाच म्हणतात.

पुढे एक बारीक, घाईचं "आले!" आणि मग धप्प. जड लाकूड ओल्या दगडावर पडल्याचा आवाज. एवढं झाल्यावर पाखरू उडून गेलं.

मी घाबरले नाही. उलट मला आनंद झाला. पाखराने माणसाची बोली उचलल्याची नोंद, आणि ती माझ्या नदीवर! कोणी तरी मला इथून हाक मारली असणार, पाखराने ती उचलली. मग वल्हं मारत परत येताना लक्षात आलं की तसं होऊ शकत नाही. इथे कोणी नाव घेत नाही. आणि मी इथे आयुष्यात पहिल्यांदा आले होते.

पुढचे तीन दिवस मी घड्याळ घेऊन बसले. पहिल्या दिवशी पाखरू साडेआठला बोललं. दुसऱ्या दिवशी सव्वानवाला. तिसऱ्या दिवशी दहाला. पाखरं सूर्याचं वेळापत्रक पाळतात. हे भरतीचं पाळत होतं. फळी टाकायची वेळ झाली की ते यायचं. क्रम कधी बदलत नसे. हाक, "आले", धप्प.

जेवताना मी आत्याला सांगितलं. ती माशाचे काटे काढत होती.

"बाईचा आवाज कसा?" तिने वर न बघता विचारलं.

"थोडा घोगरा. शेवटी वर चढणारा. 'ए बर्नाऽ' असा."

आत्याने ताट पुढे सरकवलं. उरलेला मासा तसाच. "तू पाखरं लिव. बोलनं नको लिवू."

"का?"

"तुना शिकवून चूक केली तुझ्या बापाने."

"ते उत्तर नाही, आत्या. कोणाचा आवाज आहे तो?"

ती उठून हात धुवायला गेली. पाणी ओतण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. एवढं पाणी हात धुवायला लागत नाही.

४

चौथ्या दिवशी पाखराने "आले" म्हटलं नाही.

हाक झाली. मग ते थांबलं. मान तिरकी करून उघाडीकडे बघत राहिलं. मी पंचवीसपर्यंत मोजलं. तेवढ्या वेळात चिखलावर काहीच हललं नाही. निवटे होते तिथे चिकटून बसले, खेकड्यांनी नांग्या वर धरल्या त्या तशाच राहिल्या. मग पाखरू उडून गेलं आणि सगळं पुन्हा हलायला लागलं. शिकलेली ओळ मधूनच सोडणारं पाखरू मी पाहिलेलं नाही. ते विसरलं नव्हतं. ते वाट बघत होतं.

मी स्वतःशी म्हटलं, बर्नाडेट, तू तर्कशास्त्रात पहिली आलीस. पाखरं वाट बघत नाहीत.

मग मी ठसे मोजायला उतरले, कारण ठसे खोटं बोलत नाहीत. हुदाचे, कोल्ह्याचे, बगळ्याचे. आणि मोरीच्या शेताकडच्या तोंडापासून निघालेले अनवाणी पायांचे. सहा-सात वर्षांच्या पोराचे असावेत. पोरं ओहोटीला मोरीत शिरून चिंबोऱ्या काढतात, त्यात नवल नव्हतं. पण आत जाणारं एकही पाऊल नव्हतं. सगळी बाहेर येणारी. शेताच्या कडेने, घरांच्या दिशेने. अकरा पावलांनंतर ती संपत होती, कोरड्या जमिनीवर नव्हे, ओल्या चिखलातच.

पंढरीकाका शेताच्या कडेला विडी ओढत बसले होते. मी त्यांच्यापुढे वही धरली.

"काका, मोरीत कोणाचं पोर खेळतं?"

"कोनाचं नाय. इथे कोन पाठवतो पोरांना?"

"मग ही पावलं? आणि पाखरू माझं नाव कुठून शिकलं?"

त्यांनी वही पाहिली नाही. ते शेताकडे पाहत राहिले. "तुझं नाय गो ते नाव," ते म्हणाले. "तुझ्या आधीचीचं."

त्यांच्या तोंडून ते निसटलं होतं. विडी त्यांनी चिखलात टाकली आणि उठले.

"माझ्या आधीची कोण?"

"बापाला इचार."

"मी तुम्हाला विचारतेय."

"सात वर्षांची होती," ते चालता चालता म्हणाले. "बाहत्तर साल. तुझ्या जन्माआधी वरीसभर. आता मना काय इचारू नको, पोरी. माझं पन भात होतं त्या शेतात."

५

वडिलांना मी त्या रात्री विचारलं नाही. मला त्यांना संधी द्यायची होती. जो माणूस कोल्ह्याची गोष्ट सांगून हसवतो तो ही गोष्टही आपणहून सांगेल, असं मी धरून चालले होते. ते म्हणाले, "उद्या पुनव. मोठं उधाण. भर दुपारी पानी चढेल. ये बघायला, यादीत लिवायला." मी "बरं" म्हणाले.

दुपारी पाद्रीबाबांच्या देवळात बाराची घंटा झाली तेव्हा मी उघाडीच्या शेताकडच्या अंगाला, मोरीच्या तोंडासमोर बसले होते. फळी वर होती. वडील माझ्या डोक्यावर, बांधावर दोर धरून उभे. उजेड असा की सावली पायाखाली गेलेली. मोरीच्या आत मात्र चार हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. नदीकडचं तोंड पाण्याखाली जायला लागलं होतं. आतून थंड, मचूळ वारा येत होता, पाणी हवा पुढे ढकलत होतं म्हणून. हे कारण मी वहीत लिहिलं. लिहिताना हात स्थिर होता.

फळीच्या खालच्या खाचेशी, ओल्या दगडावर निवटे बसले होते. चिखलाच्या रंगाचे, एकमेकांना लागून. मी लिहिलं: निवटे, चार.

बांबूच्या बेटातून हाक आली. "बर्ना… ए बर्ना…"

मग शांतता. बगळा एका पायावर थिजला. मोरीत पाण्याचा आवाज वाढत होता, तोही थांबल्यासारखा वाटला. मी मोजत होते. दहा. पंधरा. वीस.

"ओ दे," वडील म्हणाले.

मी वर पाहिलं. ते नदीकडे बघत नव्हते. पाण्याकडे नव्हते, फळीकडे नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, जसं माणूस गळाकडे बघतो.

"काय?"

"आले म्हन. एकदाच. तीन वर्सं कोनी ओ दिली नाय, बांध पाझरतोय. म्हन, पोरी. पानी आलं."

होडी. कोल्हा. हुदाची घसरण. ते सगळं मला इथे, या दगडासमोर आणून बसवायला होतं. माझ्या छातीत काही तरी इतकं जोरात बंद झालं की भीतीला आत यायला जागाच उरली नाही.

मी पुन्हा मोरीकडे पाहिलं. निवट्यांना डोळे असतात, डोक्यावर, उंच. या चारांना डोळे नव्हते. त्यांना पेरं होती. ती खाचेच्या कडेवरून आतून बाहेर आलेली होती, आणि मी बघत असताना ती वाकली. घट्ट. कडा धरली.

मी उठले. एवढंच मला जमलं. तोंडातून शब्द काढला नाही.

पाणी गडगडत आलं. वडिलांनी दोर सोडला. सोडताना त्यांनी मान डावीकडे वळवली, शेताकडे. घाई नव्हती त्यात, दचकणं नव्हतं. रोज दोन वेळा, बावीस वर्षं वळवलेली मान होती ती.

धप्प.

६

आम्ही ओटीवर बसलो होतो. ऊन अजून अंगणात होतं. पंढरीकाका खांबाला टेकून, आत्या उंबऱ्यावर, वडील पायरीवर, पायाचा चिखल न धुता. मी उभी होते.

आत्या बोलली. बोलायचं काम नेहमी तिच्याकडे असतं. "ती, तुझी थोरली बहीन, मोरीतून येत होती, नदीकडनं, चिंबोऱ्या घेऊन. पानी अचानक चढलं. तुझी आई बांधावरनं हाक मारत होती. कार्मेलचाच आवाज तो. कोनाला ठाव नव्हतं पोर आत हाय. फळी टाकली, मग कळलं. मग उघडली असती तर बांध फुटला असता, अख्खं गाव उपाशी मेलं असतं."

म्हणजे तो आईचा आवाज होता. अठरा वर्षं मी तो मागत होते आणि या घरात सगळ्यांना ठाऊक होतं तो कुठे ऐकायला मिळतो.

"पुढे?"

"पुढे उधाणाला हाका येयाच्या. कार्मेल गेली ती त्यानेच, ताप नाय आन् काय नाय. ती गेल्यावर तुना तिथे नेलं होतं एकदा, तू काय तरी बोबडं बोललीस, आन् सगळं गप झालं. बांध कोरडा पडला."

"ओ द्यायला म्हणूनच तिचं नाव मला दिलं होतं."

"नाव चांगलंच हाय," पंढरीकाका म्हणाले. "घरात त्या नावाचं मानूस हाय, ओ देतं, एवढं पुरत होतं इतकी वर्सं. तू मुंबईला गेलीस आन्…"

"वर्षातनं एक पुनव ओ दे," आत्या म्हणाली. "इथे राहा. ठाण्याच्या शाळेत मास्तरीण हो. कॉलेज काय पळून जातं? बारा घरं हायत, बर्ना. लहान पोरं हायत त्यांत. अवसेच्या उधाणाला बांध टिकत नाय."

मला माहीत होतं की बारा घरं आहेत. मला त्या पोरांची नावंही माहीत होती. तोच तर डाव होता. मलाही त्या मोरीत बसवल्यासारखं अडकवायचं आणि भरतीची वेळ सांगायची.

"बाबा," मी म्हणाले. "आत्या म्हणते फळी टाकली, मग कळलं. तुम्ही सांगा."

वडील पायावरचा सुकलेला चिखल नखाने काढत होते. "तसंच झालं."

"मी पाच दिवस त्या पाखराजवळ बसलेय. त्याने ती हाक आपल्या बापाकडून घेतली असेल, त्याच्या बापाने त्याच्या बापाकडून. त्याला बांध ठाऊक नाही, भात ठाऊक नाही. कोणाला वाचवायचं ते ठाऊक नाही. जे जसं ऐकलं तसं ते म्हणतं. आधी हाक. मग 'आले'. मग फळी."

नख थांबलं.

"तिने ओ दिली होती, बाबा. तुमच्या पायाखालून. तुम्ही ती ऐकलीत आणि मग दोर सोडलात. आणि काका, बांधाची देखरेख तुमचीही होती, तुम्हीही तिथेच होतात."

आत्याने वडिलांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ही एवढी गोष्ट तिलाही कोणी सांगितली नव्हती.

परसातल्या फणसावरून हाक आली. पाखरू कधी गावात येत नाही. "बर्ना… ए बर्ना…" आईच्या आवाजात, शेवटी वर चढणारी. मग ती शांतता. गोठ्यातल्या गाईने रवंथ थांबवलं.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. आत्याने हात जोडले.

"नाही," मी म्हणाले. "आज नाही, अवसेला नाही, कधीच नाही. तिने एकदा ओ दिली, ती तुम्हाला पुरली नाही. तिच्या जागी मी देणार नाही. तुम्हाला बांध हवा असेल तर ज्यांनी ती ओ ऐकली त्यांनी उघाडीवर उभं राहावं, तिचं नाव घ्यावं आणि ऐकलं म्हणून सांगावं."

पंढरीकाका खांबापासून सरळ झाले, काही बोलणार असं वाटलं, आणि पुन्हा टेकले. आत्याचे हात जोडलेलेच राहिले, आता कोणासमोर ते तिलाही कळत नसावं. फणसावर पाखरू थांबून होतं. वडिलांनी तोंड उघडलं. ओठ हलले, दोनदा, पहिल्या अक्षरासाठी मिटून पुन्हा उघडले.

आवाज आला नाही.